ब्लॅकबेरीच्या जाळीतली गाडी

बंद पडलेली गाडी चालू करून देणाऱ्या मेकॅनिकला लोक पेढे आणून देतात. चालू गाडी थांबवून देणाऱ्याला कोणी साधं 'बरं झालं' म्हणत नाही. पुण्यात नाना पेठेत छत्तीस वर्षं मी हे दुसऱ्या प्रकारचं काम केलं. दुकानाच्या पाटीवर 'पांचाळ ब्रेक लायनिंग' एवढंच लिहिलेलं होतं. त्या छत्तीस वर्षांत पेढे आले ते फक्त एकदा, आणि तेही शेजारच्या पंक्चरवाल्याला मुलगा झाला म्हणून.

ज्यांना गाडीत फक्त बसायचं माहीत आहे त्यांच्यासाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात, ते शूज. शूजवर जाड खरखरीत पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते, ते लायनर. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा जोर पाइपातून चाकापर्यंत पोचतो, शूज फाकतात, लायनर ड्रमला घासतं आणि चाक थांबतं. लायनर झिजलं की माझ्याकडे यायचं. नवं लायनर ठोकून झालं की शेवटी पाइपातली हवा काढायची. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी पेडल उशीसारखं दबतं आणि गाडी आपल्या मर्जीने थांबते.

गिऱ्हाइकांचे नमुने विचारू नका. एक निवृत्त प्राध्यापक होते. ते म्हणाले, "मी गेलं वर्षभर ब्रेक वापरतच नाही, मग ते झिजतात कसे?" एका बाई महिनाभर हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी चालवत होत्या आणि 'हल्ली गाडी दमते' अशी तक्रार घेऊन आल्या. एका टेंपोवाल्याला फक्त डावीकडच्या दोन चाकांना लायनर हवं होतं, कारण उजवीकडची 'अजून चालतील'. त्याला मी समजावलं, की बाबा, मग ब्रेक मारलास की टेंपो डावीकडच्या दुकानात शिरेल. तो म्हणाला, "आपला रूट हायवेचा आहे. डावीकडे दुकानंच नाहीत."

गिऱ्हाइकांना हसतोय, पण आमच्या धंद्यातही एक खोड आहे. गाडी कधी मिळेल असं विचारलं की आम्ही कोणीही खरं सांगत नाही. 'उद्या संध्याकाळी या, झालंच आहे.' शूज अजून लायनरवाचून पडलेले असतात, ड्रम आतून घासून सारखा करायला टर्निंगला गेलेला असतो, तरी 'झालंच आहे'. यात फसवायचा हेतू नसतो. समोरच्याचा चेहरा पडलेला बघवत नाही, म्हणून जीभ आपोआप वळते. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. तो परवा येतो, आपण चहा सांगतो, गाडी तेरवा मिळते. पुण्यात यावर जग चालतं. दुसऱ्या देशात नेऊ नये अशी ही वस्तू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकान भाच्याच्या हवाली करून मी निवृत्त झालो आणि गेल्या वर्षी गणपती आटोपून आम्ही दोघं मुलीकडे आयर्लंडला गेलो. मुक्ता लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. चार दिवस बारा-बारा तासांची ड्यूटी, मग चार दिवस सुट्टी. जावई रोज रेल्वेने डब्लिनला जातात. व्हिसा तीन महिन्यांचा. पहिल्या आठवड्यात मी घरातली सगळी दारं करकरायची थांबवली, दुसऱ्या आठवड्यात मुक्ताच्या गाडीचे ब्रेक उघडून पाहायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, ती गाडी लीजवर आहे. प्लीज, हात लावू नका. रिलॅक्स करा ना! वॉकला जा."

म्हणून मी आणि सुमन, म्हणजे माझी बायको, वॉकला जाऊ लागलो. मुक्ताच्या वसाहतीच्या मागून एक अरुंद वाट जाते. तिच्या टोकाला एक जुना बंगला आहे, ही वसाहत उभी राहण्याच्या कितीतरी आधीचा. बंगल्याच्या कुंपणाशी काळ्या ब्लॅकबेरीची ही एवढी जाळी माजलेली. सप्टेंबरात फळं पिकलेली आणि खाणारं कोणी नाही, हे पाहून सुमनचा जीव कासावीस झाला. तिचं माहेर भोरचं. करवंदीच्या जाळीत हात घालायची लहानपणापासून सवय. तिने बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"अहो," ती म्हणाली, "आत काहीतरी गार आहे."

"साप असेल. हात काढ."

"इथे साप नसतात, मुक्ता म्हणाली. आणि हे गुळगुळीत आहे. काचेचं."

मी फांद्या बाजूला केल्या. आत एक गोल हेडलाइट माझ्याकडे बघत होता.

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. सुमन सांगते की मी जाळीत शिरलो आणि काटे अंगावर ओरखडे काढत असताना स्वतःशी बोलत होतो. जाळीच्या मागे पत्र्याची शेड कोसळून टेकली होती आणि तिच्या खाली ती उभी होती. दोन सीटची, बसकी, लांब नाकाची इंग्रजी स्पोर्ट्स कार. चाकं तारांची. वरचं कापडी छत कुजून लोंबत होतं. रंग कधीकाळी गर्द हिरवा असावा. कंपनीचं नाव सांगत नाही, ती केव्हाच बुडाली. नाना पेठेत मी अशी गाडी आयुष्यात दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा एका संस्थानिकांच्या नातवाची, आणि दोन्ही वेळा त्याने ती दुसऱ्याकडे नेली होती.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. इंग्रजीत, अर्थात. एक उंच, वाकलेले, टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. हे डेक्लन. वय एक्क्याऐंशी. सुमनने ओंजळीतल्या ब्लॅकबेरी पुढे केल्या, चोरी पकडल्यासारख्या. ते म्हणाले, "ग्रँड, ग्रँड, घ्या की." इथे 'ग्रँड' म्हणजे ठीक आहे, पुरे, राहू द्या, काही हरकत नाही, असं काहीही. मी गाडीकडे बोट दाखवून एवढंच म्हणालो, "आय, ब्रेक मॅन. इंडिया. थर्टी सिक्स इयर्स."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि कोपरातून रक्त येत होतं. त्यांना बहुधा खात्री पटली. चहा झाला.

डेक्लन आयुष्यभर गुरांचे डॉक्टर. गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली. मुलं झाली तेव्हा दोन सीटची गाडी शेडमध्ये गेली, आणि 'पुढच्या उन्हाळ्यात काढू' म्हणता म्हणता शेडच तिच्यावर पडली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घर विकायचं ठरलं होतं. ख्रिसमसच्या आधी मुलगी येऊन त्यांना कॉर्कला आपल्याकडे नेणार होती, आणि गाडी उचलायला भंगारवाला येणार होता. हे सगळं मला मुक्ताने नंतर सांगितलं, कारण त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं आणि माझं त्यांना त्याहून कमी. एक वाक्य मात्र मला थेट कळलं. "मला पार्सलसारखं कोणी न्यायला नको," ते म्हणाले. "हिच्यात बसून मी स्वतः कॉर्कला गेलो असतो."

"लायसन?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून काढून दाखवलं. गाडी चालवायला तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखलाही होता. मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "देन व्हाय नॉट?"

मुक्ताने कपाळावर हात मारला. "बाबा, यासाठी आलात का इथे? तुम्हाला काही झालं तर? त्यांना काही झालं तर?" पण सुट्टीच्या दिवशी बंगल्यावर येऊन तिनेच आमची दुभाषी म्हणून काम केलं, तिनेच इंटरनेटवर रबरं आणि पाइप शोधून मागवले. बापाची पोर आहे.

कामाची वाटणी अशी झाली, की पुढचं इंजिन डेक्लनचं आणि चार चाकं माझी. त्यांना कमरेत वाकता येत नसे, पण बॉनेट उघडलं की उभ्याने काम करता यायचं. ते कार्बोरेटर टेबलावर घेऊन वाटीएवढ्या भांड्यात धुवायचे, आणि मी अंगणात फळीवर आडवा. दुपारी सुमन डबा घेऊन यायची. ती त्यांना डेक्लनभाऊजी म्हणायची. त्यांना थालीपीठ फार आवडलं. ते त्याच्यावर जॅम लावायचे, आणि सुमनला ते बघवत नसे, म्हणून ती तोंड फिरवून बसायची.

ब्रेकची दशा सांगण्यासारखी नव्हती. सिलिंडर गंजून एकजीव झाले होते, पाइप हातात तुटून येत होते, लायनर बोटाने उकरलं तर माती. शूज मात्र चांगले होते. तसे शूज आता मिळत नाहीत, म्हणून तेच नव्याने लायनर करून घ्यायचे होते. माझं रिव्हेट मशीन पुण्यात. मुक्ताने इंग्लंडमधला एक कारखाना शोधला आणि आठही शूज कुरिअरने तिकडे गेले. सिलिंडरही दुरुस्तीला गेले. ड्रम आणि चाकं मी तात्पुरती परत चढवून ठेवली, गाडी हलवता यावी म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला ती चारी पायांवर छान उभी दिसत होती. आतून ब्रेकच्या नावाने शंख. पेडल दाबलं तर सरळ तळाला. हँडब्रेकची तारही सुटी.

दसऱ्याच्या चार दिवस आधी इंजिन चालू झालं. आधी निळा धूर, मग एक खोकला, मग असा गंभीर, घोगरा आवाज, की डेक्लननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी तर रडलोच. थांबवणारा माणूस असलो म्हणून काय झालं?

त्याच उत्साहात मी जाहीर करून टाकलं, की दसऱ्याला गाडीची पूजा करायची. शूज तोपर्यंत येणार होते. कारखान्याने तसं कळवलं होतं. आले नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कळलं, अजून आठवडा लागेल. त्याच संध्याकाळी डेक्लननी मला विचारलं, "ब्रेक्स?"

त्यांचा चेहरा असा होता, की आत्ता लिहितानाही मला दिसतो. मुलीला फोन करून ते सांगून बसले होते, की उद्या इंडियन लोक गाडीचा सोहळा करणार आहेत. मी तोंड उघडलं आणि छत्तीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"ऑलमोस्ट डन," मी म्हणालो. झालंच आहे.

दसऱ्याला दुपारी अंगणात आम्ही तिघं, मुक्ताच्या ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं आणि डेक्लन. जावई कामावर. झेंडू कुंडीतले. सुमनने कुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं तेव्हा मुक्ता ओरडली, "आई, स्वस्तिक नको! इथे लोक भलतंच समजतात. ओम काढ." ओम काढला. हार घातला. नारळ फुटला. चाकांखाली ठेवायला लिंबं दुकानातली, जाड सालीची, संत्र्याएवढी. सुमनला काळजी पडली, की ही फुटणार की गाडीच त्यांच्यावर चढून बसणार.

माझं म्हणणं होतं, की गाडी ढकलून लिंबांवरून नेऊ. इंजिन बंद. सुमन म्हणाली, "ढकलून? लिंबावरून चालती गाडी नेतात. ढकलतात ती बिघडलेली." जमलेल्यांनीही तिचीच री ओढली. अंगण सपाट होतं. तीन फूट पुढे जायचं आणि इंजिन बंद करायचं. मी समोर सहा फुटांवर दोन लाकडी ठोकळे ठेवले आणि 'बरं' म्हणालो. खरं कारण सांगायचं तर मलाही ती आपल्या ताकदीवर हललेली पाहायची होती.

डेक्लन आत बसले. गळ्यात कोणीतरी झेंडूची माळ घातलेली. सुमन ओवाळायला पुढे झाली आणि तिला ठोकळे दिसले. "पूजेच्या गाडीपुढे कुणी आडकाठी ठेवतं का?" असं पुटपुटत तिने ते पायाने बाजूला सारले. मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो, कारण चार माणसांत बायकोला टोकायचं नव्हतं. मग तिने निरांजन ओवाळलं आणि आपल्या इंग्रजीत डेक्लनना पुढचा विधी सांगितला. "फर्स्ट लेमन. देन टेंपल. यू गो युवर गॉड, से थँक यू." आपल्याकडे नवी गाडी आधी देवळात नेतात, ते तिने सांगितलं. तिच्या मनात, कधीतरी नंतर. डेक्लननी गंभीरपणे मान डोलावली.

गाडी चालू झाली. चारी लिंबं फट्‌ फट्‌ फुटली. टाळ्या पडल्या. आणि गाडी थांबली नाही. ती अंगण ओलांडून, फाटकातून बाहेर पडून, शिस्तीत डावीकडे वळली आणि वाटेला लागली. डेक्लननी एक हात वर करून आम्हाला टाटा केला.

वाट शंभर पावलं सपाट आहे. मग उतार लागतो, तो थेट मोठ्या रस्त्यापर्यंत.

मी धावलो. पूजेसाठी चपला काढलेल्या, पाय अनवाणी, खाली खडी. "स्टॉप! नो ब्रेक! नो ब्रेक!" इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? वळणापाशी हिरवं शेपूट दिसेनासं झालं तरी मी धावतच होतो. मागून मुक्ताने गाडी आणली, मला आत ओढलं. "बाबा, ब्रेक नाहीयेत हे त्यांना माहितीये ना? सांगितलंत ना तुम्ही?"

खिडकीतून झुडपं मागे जात होती आणि मला कात्रजचा घाट दिसत होता. माझ्या दुकानातून एक जीप अशीच गेली होती. ड्रायव्हर ओळखीचा, लग्नाचं वऱ्हाड आणायला निघालेला. पाइपातली हवा काढायची राहिली होती. त्याने विचारलं, "झालंय ना?" आणि मी म्हणालो, "झालंच आहे, संध्याकाळी फक्त एकदा दाखवून जा." उतारावर जीप कठड्यावर आदळली. जीप रिकामी होती म्हणून वऱ्हाड वाचलं, पण त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. दुकानात सगळ्यांना मी सांगत आलो, की त्याने ऐकलं नाही, घाई केली. त्यानेही कधी माझं नाव घेतलं नाही. भेटला की नमस्कार करायचा. तो नमस्कार मी वीस वर्षं खाली मान घालून घेतला. आणि तरी माझी जीभ सुधारली नव्हती.

उतार संपला. मुक्ताने रस्त्याच्या तोंडाशी ब्रेक मारला. तिचे ब्रेक उत्तम होते. मी दोन्ही बाजूंना पाहिलं. काचा नाहीत, गर्दी नाही, ओरडा नाही. एक बस शांतपणे निघून गेली. आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, चर्चच्या फाटकातून आत गेलेला चढ होता, जाड खडीचा, आणि त्या चढाच्या मध्यावर हिरवी गाडी एका हिरवळीच्या कडेला नाक टेकून उभी होती. बॉनेटवर हार. सीटवर कोणी नाही.

"ते कुठेत?" मुक्ताचा आवाज चिरकला.

ते आत होते. शेवटच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर, गळ्यात झेंडूची माळ. चेहरा कागदासारखा पांढरा, पण माणूस अख्खा. पुढे एक मेणबत्ती लावलेली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि इंग्रजीचा एक शब्द सुचेना. जे सुचलं ते मराठीत सुचलं, आणि चर्चमध्ये कोणी कधी बोललं नसेल इतक्या मोठ्याने मी बोललो. "अहो, मेला असतात ना! म्हाताऱ्या माणसाला अक्कल नको? कुणी सांगितलं होतं इतक्या लांब यायला?"

मुक्ताने भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती.

"तुमच्या मिसेसनी," डेक्लन म्हणाले. "आधी लिंबू, मग देव." मग हळूहळू सांगितलं. उतार लागल्यावर पेडल दाबलं, ते तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, तो हातातच आला. मग तिसऱ्या गिअरवरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. इंजिन किंचाळलं. वळायची छाती नव्हती, म्हणून सरळ समोर पाहिलं, तर चर्चचं फाटक उघडं आणि आत चढ. रस्ता ओलांडताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, हे त्यांनी मुक्ताला शपथेवर गुप्त ठेवायला सांगितलं. म्हणून ते मी इथे मराठीत छापतो आहे.

"सांग त्यांना," मी मुक्ताला म्हणालो, "की मी खोटं बोललो. ब्रेक ऑलमोस्ट नव्हते. नव्हतेच. आठही शूज अजून इंग्लंडातच आहेत. मला काल माहीत होतं. त्यांचा चेहरा पडू नये म्हणून नाही सांगितलं."

मुक्ताने सांगितलं. एक शब्द न गाळता सांगितलं, हे तिच्या आवाजावरून मला कळलं. बापाच्या चुकीचं भाषांतर करणं सोपं नसतं.

डेक्लननी मेणबत्तीकडे मान वळवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते.

"आमच्या छपरावर काम करणारा एक माणूस होता," ते म्हणाले. "तो 'ऑलमोस्ट डन' म्हणाला की बायको बादल्या मांडायला घ्यायची. मला कळायला हवं होतं." मग हसू थांबलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "पण पुन्हा मला असं सांगू नका, मिस्टर पंचल. नाही झालं तर नाही झालं म्हणा. मी म्हातारा आहे, लहान मूल नाही."

मी 'सॉरी' म्हणालो. कात्रजच्या माणसाला म्हणायचा राहिलेला सॉरीही त्यातच होता. बाहेर येऊन पाहिलं तर सुमन लुगड्याचा काष्टा मारल्यासारखी साडी खोचून, रस्ता ओलांडून धावत येत होती, हातात माझ्या चपला. तिने डेक्लनभाऊजींना डोळे भरून पाहिलं, मग खडीवरच मटकन बसली आणि म्हणाली, "देवा, आता लिंबाचं नावसुद्धा काढणार नाही."

गाडी आम्ही दोरीने ओढत वर नेली. प्रत्येक दहा पावलांवर मी मागच्या चाकाखाली ठोकळा सरकवत होतो, आणि या वेळी तो कोणी हलवला नाही.

शूज नऊ दिवसांनी आले. लायनर छान बसवलेलं होतं, नाना पेठेत मी त्याहून बरं बसवलं असतं, पण ते असो. सिलिंडर, पाइप, रबरं, सगळं नवं. हवा काढायला पेडलवर सुमन बसली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्या धंद्याच्या पेडलवर तिने पहिल्यांदाच पाय ठेवला. मी चाकाशी आडवा पडून "दाब" म्हणायचो, ती वरून "दाबलं" म्हणायची. चारी चाकांची हवा मी दोनदा काढली, मग तिसऱ्यांदा. डेक्लन रोज विचारायचे, "डन?" आणि मी रोज मोठ्याने, जवळजवळ आनंदाने म्हणायचो, "नॉट डन." कागदपत्रं आणि विमा त्यांनी दरम्यान करून घेतला. मुलीला फोन करून सांगितलं, की न्यायला येऊ नकोस, मीच येतोय. फोनवर बराच आरडाओरडा झाला असावा, कारण ठेवताना ते फार खूश दिसले.

आमच्या परतीला आठवडा उरला असताना मी त्यांना गाडीत बसवलं आणि वाटेच्या सपाट भागात उभं राहायला सांगितलं. मग मी पुढे साठ पावलं चालत गेलो आणि वाटेच्या मधोमध, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो. छत्तीस वर्षांत हे मी कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. करायला हवं होतं.

"या," मी हाताने खूण केली. "फास्ट. मी हात वर केला की ब्रेक."

डेक्लननी इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं. "मी असलं काही करणार नाही. बाजूला व्हा."

"अहो, इकडे या आधी!" सुमन कुंपणापाशी ओरडली.

"तुम्ही माझ्या शब्दावर उतार उतरलात," मी म्हणालो. मुक्ता कामावर होती, त्यामुळे हे मी माझ्याच इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं, आणि ते त्यांना कळलं. त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट दाबून बसवली. मग इंजिन चालू केलं.

गाडी आली. तिचं लांब नाक मोठं मोठं होत गेलं, तारांच्या चाकांवर ऊन फिरत होतं, आणि काचेमागे डेक्लनचे ओठ घट्ट मिटलेले दिसत होते. मी मोजत होतो. चाळीस पावलं, तीस, वीस. हात वर केला. चारी चाकं एका दमात धरली, नाक खाली वाकलं, खडी उडाली आणि गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. मी पुढे होऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले. गरम होतं.

डेक्लन उतरले नाहीत. बसल्या बसल्याच, काचेआडून म्हणाले, "पुन्हा कधी असं करायचं नाही."

"पुन्हा गरज नाही," मी म्हणालो. "जा कॉर्कला."

एवढं ऐटीत बोललो खरा. पण गाडी थांबली तसा मीही तिथेच थांबलो, तो सुमनने दंडाला धरून घरी नेईपर्यंत.